तबक, तबकडी आणि योहानाचं शिर

आमच्या घरी रोझरी झाली की त्या दिवसाचं शुभवर्तमान मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. वाचायची पाळी घरातल्या सगळ्यात लहान माणसावर येते. आज्जीचं म्हणणं असं की त्या निमित्तानं तरी पोरांचं मराठी वाचन सुटणार नाही. मी कॉलेजसाठी नवनगरला मामाकडे राहते आणि सध्या ही पाळी माझ्या मामेभावाची आहे. तो सहावीत आहे. शाळा इंग्रजीत, मैदान कन्नडमध्ये, जेवण मराठीत. इथल्या आमच्यासारख्या घरांचा साधारण हाच हिशेब.

२९ ऑगस्टला बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या हौतात्म्याचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी मार्कच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट वाचतात. हेरोदियेची मुलगी राजासमोर नाचते, राजा खूश होऊन काय पाहिजे ते माग म्हणतो, आणि आईनं शिकवल्याप्रमाणे ती योहानाचं शिर मागते. गोष्ट भयंकर आहे, त्यामुळे वाचणारा रंगात आला होता. मग एका शब्दावर गाडी अडली.

"अक्का, तबक म्हणजे काय?"

मी मराठी वाङ्मय मंडळाची सभासद. एम्.ए. नाही तर नाही, बी.ए.चा मराठी पेपर तरी दिलेला. उत्तर यायलाच पाहिजे. "तबकडी माहीत आहे की नाही? तबक म्हणजे तबकडीची आई."

त्यानं थोडा विचार केला. "तबकडी म्हणजे उडती तबकडी? यूएफओ? मग योहानाचं डोकं यूएफओत ठेवलं काय?"

मामा हसला, मामी हसली, मी तर हातात माळ धरूनच हसले. आज्जी मात्र हसली नाही. प्रार्थना पुरी झाल्यावर ती उठली आणि ट्रंकेतून एक जुनं पितळी ताम्हनासारखं भांडं घेऊन आली. गोल, सपाट तळ, बोटभर उंच काठ, काठावर वेलबुट्टी. "हे बघ तबक. माझ्या लग्नात ह्यातून पानविडे फिरवले होते." भावानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, आणि आज्जीचं लक्ष नाही बघून फरशीवर कडेवर उभं करून गरकन फिरवलं. "झाली की तबकडी!"

ओरडा बसला. पण त्या रात्री मला वाटलं, पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. त्यानं जे केलं तेच मराठी भाषेनं केलं आहे. ते कसं, ते या लेखात मांडायचा प्रयत्न करते.

आधी शब्दाचं घर बघू. 'तबक' मूळ अरबी, 'तबक़'. तिथून फारसीत, आणि फारसीतून आपल्याकडे. दरबारी व्यवहारासोबत जे हजारो शब्द मराठीत आले त्यांपैकी हा एक. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांनी १९२५ साली खास अशाच शब्दांसाठी 'फार्शी-मराठी कोश' काढला; असा स्वतंत्र कोश काढावा लागला यावरूनच हा ऐवज केवढा मोठा आहे ते कळतं. गंमत म्हणजे या शब्दांतले पुष्कळसे आज आपल्याला अगदी सोवळ्यातले वाटतात. ओवाळणीचं तबक, आरतीचं तबक, शेजारी समई, हळदीकुंकवाला अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. समईतला दिवा अरबी 'शमअ'पासून आलेला, अत्तर अरबी, 'दाणी' फारसी. मंगलकार्याचं निम्मं सामान वाळवंटातून आलेलं आहे आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.

अरबीत या शब्दाच्या धातूचा अर्थ मात्र 'गोल' असा नाहीच. तो अर्थ आहे एकावर एक नीट बसणं, झाकणं, थर होणं. त्याच धातूपासून 'तबक़ा' म्हणजे थर किंवा समाजातला वर्ग. हिंदी बातम्यांत 'गरीब तबका' ऐकतो तो हाच. उर्दू-हिंदीत 'चौदह तबक़' म्हणजे एकावर एक रचलेले चौदा लोक, आपल्या चौदा भुवनांसारखे. मिठाईवर लावायचा चांदीचा पातळ वर्ख, त्यालाही तिकडे तबक म्हणतात आणि तो ठोकून काढणारा तबकगर. म्हणजे शब्दाच्या मुळाशी आहे पातळपणा आणि थर. गोलाई नंतर आली, कारण थराथरानं रचून ठेवायची जी भांडी होती ती गोल होती. भांड्यानं शब्दाला आपला आकार दिला.

आता योहानाच्या गोष्टीकडे परत येते, कारण तिथे मला एक भलतंच सापडलं.

शुभवर्तमान मुळात ग्रीकमध्ये आहे. तिथे त्या भांड्याला शब्द आहे 'पिनाक्स'. पिनाक्स म्हणजे फळी, पाटी, लाकडी ताट. चित्र काढायच्या फळीलाही तोच शब्द. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमनं शुभवर्तमानांचा लॅटिन मजकूर सिद्ध केला, तो आपल्या चर्चनं शतकानुशतकं वाचला. त्यात या जागी शब्द आहे 'दिस्को'. होय, तोच डिस्को! लॅटिन 'दिस्कुस'चं हे सप्तमीसारखं रूप, 'तबकात' म्हणतो तसं. म्हणजे लॅटिन बायबलमध्ये योहानाचं शिर 'डिस्क'मध्ये आहे, मराठी बायबलमध्ये तबकात आहे, आणि आज इंग्रजी 'डिस्क'ला मराठीत आपण म्हणतो तबकडी. माझ्या भावानं ज्या दोन शब्दांची गल्लत केली, ती गल्लत दोन हजार वर्षं दोन वेगळ्या खंडांत चालू आहे.

पण दोघींची चाल उलट्या दिशेनं आहे, आणि मला तेच जास्त आवडलं. ग्रीक 'दिस्कोस' ही आधी फेकायची चकती होती, खेळाडूंची, आजच्या थाळीफेकीतली. मग त्या आकाराच्या भांड्याला ते नाव मिळालं. ते भांडं लॅटिनमधून युरोपभर फिरलं. त्यातून इंग्रजी 'डिश' निघाली, 'डेस्क' निघालं, जर्मनमध्ये तर टेबललाच 'टिश' म्हणतात. पुढे इंग्रजीनं तोच लॅटिन शब्द पुन्हा उसना घेतला आणि त्याची 'डिस्क' केली. एकाच घरातल्या बहिणी, एक स्वयंपाकघरात, एक ऑफिसात, एक प्रयोगशाळेत. तिकडे आधी चकती आली, मग तिच्यावर जेवण वाढलं. आपल्याकडे आधी ताट होतं, मग ते रिकामं करून त्याची चकती केली. (आपण खेळाला 'थाळीफेक' म्हणतो, म्हणजे ग्रीकांनी ज्याचं ताट केलं ते आपण परत फेकायला लागलो, हे आणखी एक.)

वेदीवरही हीच गोष्ट दिसते. मिस्साच्या वेळी ओस्ती ज्या सपाट सोनेरी थाळीत ठेवतात तिला आपण लॅटिनवरून 'पातेना' म्हणतो. तो शब्दही मुळात उथळ भांड्याचाच. बायझंटाइन परंपरेच्या चर्चमध्ये याच थाळीला अजूनही 'दिस्कोस' म्हणतात. १६११च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या गोष्टीतल्या भांड्याला 'चार्जर' म्हटलंय, मोठं ताट या जुन्या अर्थानं. तो उतारा भावाला दिला नाही हे बरं झालं. त्याच्या घरात चार्जर फक्त एक प्रकारचा असतो.

बरं, मराठीनं तबक रिकामं कसं केलं? सगळी करामत एका अक्षराची, 'डी'ची.

हा प्रत्यय लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवतो. टोप, टोपडं. मुख, मुखडा. जीव, जिवडा. बाळाचं टोपडं डोक्यावरच राहतं, मुखडा तोंडाचाच असतो. म्हणजे वस्तू लहान झाली तरी तिचं काम बदलत नाही. तबकाचं तसं झालं नाही. तुलनेला ताट घ्या. ताटाची झाली ताटली. ताटली स्वयंपाकघर सोडून कुठे गेली नाही. आजही तिच्यात चटणी नाहीतर शिरा असतो. तबकाची तबकडी झाली आणि ती घर सोडून गेली. ती गेली यंत्रात.

घड्याळाचे आकडे लिहिलेला गोल पत्रा म्हणजे तबकडी. जुन्या टेलिफोनची भोकांत बोट घालून फिरवायची चकती म्हणजे तबकडी. ग्रामोफोनवर लावायची ती तर तबकडीच. या तिन्हींत काही ठेवत नाहीत, काही वाढत नाहीत. तबकाचं मुख्य काम वाहून नेणं होतं. तबकडीला ते काम नाही. प्रत्ययानं काठ काढून टाकला, पानविडे काढून टाकले, ओवाळणं काढून टाकलं, आणि उरला फक्त आकार: सपाट, पातळ, गोल आणि शक्यतो मध्यावर फिरणारा. आज्जीचं तबक फरशीवर फिरवणाऱ्या पोरानं नेमकं हेच केलं होतं.

ग्रामोफोनच्या तबकडीवर थोडं थांबते, कारण हुबळी-धारवाडात बसून त्यावर न बोलणं म्हणजे नदीकाठी राहून पाण्याचं नाव न घेण्यासारखं आहे. एडिसननं १८७७ साली केलेल्या फोनोग्राफमध्ये आवाज एका नळकांड्यावर कोरला जाई. नळकांड्याला कुणी तबकडी म्हणालं नसतं. एमिल बर्लिनरनं १८८७च्या सुमारास आवाज सपाट चकतीवर आणला, आणि मराठीला आपला हा शब्द वापरायची सोय झाली. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जानचा आवाज ध्वनिमुद्रित झाला आणि आपल्या संगीताच्या तबकड्या निघायला लागल्या. दहा इंचांची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा! ते गवयांनी कसं केलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण त्या तीन मिनिटांनी या भागात केवढा उत्पात केला बघा. गदगच्या एका शाळकरी मुलानं दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं नाव 'गांधारी' असं छापलं होतं. त्यांत मराठी भावगीतंही आहेत. कानडी घरातली बाई, गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व, म्हणजे मराठी रंगभूमी गाजवलेले रामभाऊ, आणि तबकडी मुंबईची. आपण आज 'बॉर्डर'वरून भांडतो. त्या तबकडीला बॉर्डर नव्हती, फक्त काठ होता.

आमच्या गल्लीतले एक कन्नड अज्जा अजून 'ग्रामोफोन प्लेट' म्हणतात. त्यांच्याकडे ढीग आहे, मशीन बिघडलेलं. मी म्हटलं, आम्ही तबकडी म्हणतो. ते म्हणाले, प्लेटच की मग ती! बरोबर आहे. त्यांनीही ताटाचाच शब्द घेतलाय, फक्त 'डी' लावला नाही.

शुद्ध मराठीत रेकॉर्डला 'ध्वनिमुद्रिका' म्हणतात हे मला माहीत आहे. शब्द देखणा आहे. मुद्रिका म्हणजे शिक्क्याची अंगठी, म्हणजे तीही गोलच, आणि आवाजाचा ठसा घेणारी हा अर्थही सुंदर बसतो. पण ध्वनिमुद्रिका 'लावावी' लागते, तबकडी 'फिरते'. मी तबकडीच्या बाजूनं आहे.

आता उडत्या तबकडीकडे येते. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना एका आंतरमहाविद्यालयीन भाषांतर स्पर्धेत मी 'फ्लाइंग सॉसर'चं भाषांतर 'उडती बशी' असं केलं होतं. सॉसर म्हणजे बशी, मग चूक काय? परीक्षकांनी निकालाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, "मराठीत बशी उडते ती फक्त नवरा-बायकोच्या भांडणात." हॉल हसला. माझे गुण गेले, आणि माझा प्रश्नही तसाच राहिला. चुकलं ते कळलं, पण का चुकलं ते कुणी सांगितलं नाही.

आज उत्तर मिळालंसं वाटतं. २४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड नावाच्या वैमानिकाला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ आकाशात नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. त्या कशा उडत होत्या हे सांगताना त्यानं पाण्यावर भिरकावलेल्या बशीची उपमा दिली. आपण तळ्यात खापरी भिरकावतो आणि ती टप्पे घेत जाते, तशी. उपमा चालीची होती, आकाराची नव्हती. वर्तमानपत्रांनी तिचा आकार केला आणि 'फ्लाइंग सॉसर' झालं. मग पुढे लोकांना बशाच दिसायला लागल्या! खुद्द 'सॉसर' शब्दाचा आकाराशी संबंध नाही; ते सॉस ठेवायचं भांडं. हिंदीनं सरळ तश्तरी उडवली, 'उड़नतश्तरी'. कन्नडनं जेवायचं ताट उडवलं, 'हारुव तट्टे'. ज्यांनी तट्टे इडली खाल्ली आहे त्यांना आकार समजावून सांगायला नको. आणि अरबीत म्हणतात 'तबक़ ताइर', उडतं तबक. तिकडे तबक अजून जेवणाचंच आहे.

म्हणजे सगळ्यांनी भांडं उडवलं. मराठीनं भांड्याची लेक उडवली. माझं मत असं की १९४७ पर्यंत मराठी कानाला तबकडी हा यंत्रातला शब्द झाला होता: घड्याळातला, टेलिफोनमधला, ग्रामोफोनमधला. आकाशातून आलेली वस्तू यंत्र असणार, तिच्यात चहा असणार नाही. बशी म्हटलं की कप आठवतो, फुर्र आवाज आठवतो. तबकडी म्हटलं की काहीच सांडत नाही. म्हणून 'उडती बशी' हसवते आणि 'उडती तबकडी' घाबरवते. परीक्षकांनी एवढं सांगितलं असतं तर गुण गेल्याचं दुःख झालं नसतं.

याच कारणानं खगोलशास्त्रावर मराठीत लिहिणारे आकाशगंगेच्या तबकडीबद्दल लिहू शकतात आणि कुणाला हसू येत नाही. अब्जावधी ताऱ्यांची तबकडी, मध्याभोवती फिरणारी. आज्जीच्या लग्नातल्या पानविड्यांपासून हे अंतर थोडंथोडकं नाही.

गोल सपाट वस्तूंसाठी मराठीत इतर शब्द आहेतच, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बटाट्याच्या कापतो त्या चकत्या, कारण त्या कशातून तरी कापलेल्या असतात. नटाखाली घालतात तीही चकती, भोक असलं तरी. शिपायाच्या छातीवर बिल्ला. कन्नडमधलं 'बिल्ले' त्याचंच भावंड वाटावं असं, कुंटेबिल्ले खेळताना टाकायचा चपटा दगड. कपाळावर टिकली. सूर्यचंद्राचं मात्र बिंब, त्याला चकती म्हटलं तर कविता मरते. चाक हे संस्कृत 'चक्र', आणि ग्रीक 'किक्लोस' व इंग्रजी 'व्हील' ही त्याचीच लांबची भावंडं. पाठीच्या मणक्यांमधली डिस्क सरकते तेव्हा डॉक्टर काहीही म्हणोत, आपल्या घरात 'गादी सरकली' असंच म्हणतात; जी वस्तू बसायला लागते तिला बसायचा शब्द. आणि आपलं 'मंडळ' विसरू नका. मंडल म्हणजे वर्तुळ, सूर्यमंडळ, गोलाकार बसलेली माणसं. वाङ्मय मंडळाच्या सभेला आपण सरळ रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतो, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीनं चूक आहे, हे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

एका गोष्टीची मात्र मला थोडी काळजी वाटते. घड्याळं डिजिटल झाली, टेलिफोनची तबकडी गेली, ग्रामोफोन गेला, सीडीला आपण सीडीच म्हणालो. भावाकडे आता फक्त उडती तबकडी उरली आहे, जी कुणी पाहिलेली नाही. आणि तबक तर त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पानविडे आता लग्नाच्या हॉलवाल्याच्या प्लॅस्टिक ट्रेमधून येतात. तो शब्द त्याला पहिल्यांदा भेटला तो बायबलमध्ये, आणि तोही रक्तानं माखलेला. माझी सगळी शब्दकोशगिरी एका बाजूला ठेवली तर त्याला तबक समजलं ते आज्जीनं ट्रंक उघडल्यामुळे. ट्रंकेत काय आहे ते तिलाच माहीत; ती आता शहात्तर वर्षांची आहे.

मंडळाच्या मित्रमैत्रिणींना म्हणून एक विनंती. तुमच्या घरी, खानापूरकडे, निपाणीकडे, कारवारकडे, ग्रामोफोनच्या रेकॉर्डला मोठी माणसं काय म्हणतात ते विचारा. तबकडी, प्लेट, ताटली की आणखी काही? आणि तबक घरात असेल तर त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाका, त्यात काय ठेवायचे तेही लिहा. दोन जणींनी आधीच पाठवलेत. एकीच्या घरी त्यात सध्या मोबाइलचे चार्जर असतात.